रेडीचे घर आणि मुंबईची खोली

तेरेखोल खाडीच्या उत्तरेला, महाराष्ट्राची हद्द गोव्याला भिडते तिथे, वेंगुर्ले तालुक्यातले रेडी हे गाव आहे. पुढे समुद्र, मागे जांभ्याचा सडा, मध्ये माडा-पोफळींच्या बागा आणि भाताचे कोपरे. बदामीच्या चालुक्यांपैकी मंगलेशाने इसवी सन ६०० च्या सुमारास जिंकलेले रेवतीद्वीप ते हेच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बंदराच्या आधाराने येथे बाहेरची माणसे येत आणि स्थिरावत राहिली. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचा धार्मिक जाच वाढला, तेव्हा तिकडची अनेक हिंदू कुटुंबे दक्षिण कोकणात येऊन राहिली. पुढची अडीचशे-तीनशे वर्षे सावंतवाडीकर, मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या झटापटींत गेली. १८१९ च्या तहाने रेडीचा यशवंतगड इंग्रजांकडे गेला आणि किनाऱ्यावरची लढाई थांबली. त्यानंतर माणसांची वर्दळ उलट्या दिशेने सुरू झाली. गाव भरत होते ते रिते होऊ लागले.

याचे मूळ जमिनीत आहे. पाऊस भरपूर, पण भाताखाली येणारी जमीन थोडी. तिच्यावर बहुधा एकच पीक, आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. शांततेच्या काळात माणसे वाढली. आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग ज्यात येई त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ साली सुमारे ११ लाख ६७ हजार होती. शेत मात्र तेवढेच राहिले आणि पिढी दर पिढी वाटण्यांनी त्याचे तुकडे होत गेले. चार भावांच्या वाट्याला आलेल्या कोपऱ्यांतून वर्षभराचा तांदूळ निघत नसे. पावसाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होई आणि पेजेवर दिवस काढावे लागत.

घरेही याच बेताची होती. गरीब कुळाचे घर म्हणजे मातीच्या भिंती, वर गवत किंवा माडाच्या चुडतांचे छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन. छप्पर दर वर्षी पावसाआधी शाकारावे लागे. चिऱ्याच्या भिंती, कौले, ओटी, माजघर, पडवी आणि पुढे तुळशीचे खळे असा थाट मोजक्या घरांचा. जांभा पायाखाली असूनही चिरा काढायला, घडायला आणि वाहायला रोख पैसा लागे. तो शेतीत नव्हता.

रोख पैसा मुंबईत होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ पासून तिथे उत्पादन सुरू झाले. पुढच्या चार-पाच दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा धुरांड्यांनी भरला. कोकणाला मुंबई जवळची वाटे ती समुद्रामुळे. रेडीकराला मोठे बंदर वेंगुर्ल्याचे. तिथे पडावातून आगबोटीवर चढायचे आणि वाटेत मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी घेत मुंबईच्या धक्क्याला लागायचे. आगोट आली की बोटी बंद होत. त्यामुळे जाण्यायेण्याला शेतीच्या ऋतूंशी जुळणारे एक वेळापत्रक आपोआप पडले. उन्हाळ्यात गिरण्यांतली गैरहजेरी वाढत असे, कारण माणसे लग्नकार्याला आणि पेरणीच्या तयारीला गावी असत. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९३१ पर्यंत देशावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून येणारे वाढले आणि हा वाटा साधारण पावावर आला.

एवढी माणसे राहिली कुठे, हा मुंबईच्या इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे. शहराची लोकसंख्या १८७२ साली साडेसहा लाखांच्या आत होती, १९२१ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. बेट मात्र निमुळते, आणि कामगाराला गिरणीच्या भोंग्याच्या टापूतच राहणे भाग होते. ट्राम-रेल्वेचे भाडे त्याला परवडत नसे, आणि उशीर झाला तर त्या दिवसाचे काम जाई. त्यामुळे गिरणगावातल्या जागेला मागणी प्रचंड आणि भाडे चढे. जमीनमालकांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे चाळ: लांब व्हरांडा, एका ओळीत दहा-वीस खोल्या आणि टोकाला सामायिक नळ व संडास. १९११ च्या जनगणनेत शहरातल्या दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे एकाच खोलीच्या घरात राहत होती.

कोकणी माणसाने या खोलीला स्वतःची एक रीत जोडली. एका गावच्या किंवा वाडीच्या पुरुषांनी मिळून खोली भाड्याने घ्यायची, भाडे वर्गणीने भरायचे आणि गावाहून येणाऱ्या नव्या पोराला आधी तिथेच उतरवायचे. माणशी एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीला एक खुंटी. गिरणी पाळ्यांनी चाले, म्हणून झोपही पाळ्यांनी. रात्रपाळीचे परत आले की दिवसपाळीच्यांनी सोडलेली जागा त्यांची. व्हरांडा, जिना, उन्हाळ्यात रस्त्याची कडा, हे सगळे झोपण्याच्या हिशेबात धरलेले असे. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बहुतेक बायका याच कामगार वस्तीतल्या, कुणी विधवा, कुणी बेकार झालेल्या कामगाराच्या घरातली. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तोवर खाणावळ हा धंदा शंभरेक वर्षांचा होत आला होता.

गावाची खोली ही नुसती निजायची जागा नव्हती. तिथे भिशी चाले, आजाऱ्याची सोय होई, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघे आणि गावकीचे तंटेही तिथेच मिटत. रेडीच्या शेजारच्या गोव्यातल्या ख्रिस्ती खलाशांनी आणि बटलरांनी धोबीतलाव-माझगाव भागात याच तऱ्हेचे कूड उभे केले होते. खाडीच्या दोन्ही तीरांची माणसे मुंबईत वेगळ्या पाट्यांखाली, पण एकाच पद्धतीने राहत होती. परक्या शहरात कोणतीही सरकारी योजना नसताना लाखो माणसांना पहिल्या रात्रीपासून छप्पर देणारी ही व्यवस्था कोकणाच्या मोठ्या सामाजिक निर्मितींपैकी एक आहे, आणि तिला पुस्तकांत मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

तिची किंमत मात्र जबर होती. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया होत्या. खोली पुरुषांची, घर बायकांचे, असा संसार दोन ठिकाणी दुभंगला. जी कुटुंबे शहरात राहिली त्यांच्या मुलांचे हाल आकड्यांत नोंदले गेले आहेत. त्याच वर्षी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतला बालमृत्यूचा दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ इतका काढला गेला, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत तो १३३ होता. हा पहिला आकडा सावधपणे वाचावा लागतो. कामगारांच्या बायका बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे जन्म कोकणात नोंदला जाई आणि तान्हे मूल घेऊन परतल्यावर मृत्यूची नोंद मुंबईत होई. त्यामुळे दर फुगत असे. तरीही दोन घरांमधली तफावत एवढी आहे की गर्दी, ओल आणि कोंदट हवा यांचा दोष झाकला जात नाही.

सरकार जागे झाले ते प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उघड झाली आणि माणसे मिळेल त्या गाडीने, बोटीने गावी पळाली. कोकणातल्या घराने शहराचा भार झेलण्याची ती एक मोठी वेळ. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, पण पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ बसायला वेळ लागला आणि मधल्या काळात उरलेल्या चाळी अधिकच भरल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या, प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. सिमेंटच्या या कोंदट चाळी सुरुवातीला कामगारांनाच नकोशा वाटत आणि कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर याच बीडीडी चाळींत जागा मिळणे भाग्याचे ठरले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू तगला, पण मालकाने डागडुजी सोडली, भाड्याच्या नव्या चाळी बांधणे थांबले आणि पागडीचा व्यवहार बोकाळला. नंतर येणाऱ्यांना झोपडपट्टीखेरीज वाट उरली नाही.

गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता आणि वर थोडा. कुटुंबाचे घर, मुलांचे वाढणे, आजारपण, म्हातारपण हे सगळे गावाने सांभाळायचे. मालकाला कामगार स्वस्त पडत होता, कारण त्याच्या संसाराचा अर्धा खर्च रेडीसारखी गावे उचलत होती. गावाशी नाते टिकवणे हे कामगाराच्या मागासपणाचे लक्षण नसून अस्थिर रोजगाराला दिलेले शहाणे उत्तर होते, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी सविस्तर दाखवले आहे. गावाकडे मात्र शेत बायका, म्हातारे आणि पोरे कसत होती. घरखर्च मनीऑर्डरवर चाले. त्यातून आधी कर्ज फिटे, मग लग्ने, आणि उरलेच तर घर. चुडतांच्या जागी कौले आली, मातीच्या जागी चिरा आला, तो बहुतेक याच पैशाने, आणि एकदम नव्हे. एका वर्षी जोते, दोन वर्षांनी भिंती, पुढे कधीतरी गिलावा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या रजेत बांधकामाचा एकेक टप्पा उरकला जाई.

रेडीच्या नशिबी मात्र शेजारच्या गावांपेक्षा वेगळे वळण होते. स्वातंत्र्यानंतर येथे लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या आणि खनिज रेडी बंदरातून परदेशी जाऊ लागले. वेंगुर्ल्यातल्या फार थोड्या गावांत घरच्या घरी रोजगार मिळाला. रेडी त्यांपैकी एक. ट्रकचालक, खाणीतले मजूर, बार्जवरचे खलाशी, दुरुस्तीची गॅरेजे असे नवे धंदे उभे राहिले आणि बाहेरची माणसेही कामाला आली. येथला प्रसिद्ध द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीच्या परिसरातच सापडला आणि त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांनी गावाच्या उत्पन्नात भर टाकली. १९९० च्या दशकात कच्च्या लोखंडाचा कारखाना आला. पुढे त्याची मालकी बदलत राहिली आणि तो बंद पडण्याच्या वेळाही आल्या. खाणीने पैसा आणला तशी लाल धूळही आणली. शेतात उतरणारा गाळ आणि विहिरींचे पाणी यांवरून खाणपट्ट्यात सतत तक्रारी राहिल्या. भाव उतरला किंवा निर्यात अडली की कामगार घरी बसे, आणि मुंबईची वाट पुन्हा धरावी लागे.

ती वाटही १९८२ नंतर अरुंद झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. हजारो कुटुंबे कोकणात परतली आणि ज्या घराला मनीऑर्डर यायची त्यालाच आता शहरातून आलेली माणसे पोसावी लागली. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. त्या जमिनींपैकी म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जागेवर बांधलेल्या घरांची गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखांच्या घरात. ज्यांची खोली राहिली त्यांनीही ती विकून विरार, नालासोपारा, डोंबिवली गाठली. मुलांना वेगळी खोली मिळाली, पण लोकलचा प्रवास पदरी पडला.

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८ लाख ६८ हजारांवर होती, ती २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजारांवर आली. देशात जिथे माणसे वाढत होती तिथे हा जिल्हा घटला, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६ राहिल्या. माणसे घटली म्हणून घरांची गरज घटली नाही. एकत्र कुटुंबे विभागली, प्रत्येक भावाने आपले स्वतंत्र घर बांधले, आणि त्यांतली कित्येक गणपती, ग्रामदेवता माऊलीची जत्रा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. जुन्या घराच्या सातबारावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत, म्हणून घर विकताही येत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

रिकाम्या झालेल्या कामांवर आता दुरून माणसे येतात. चिरेखाणीत आणि बांधकामावर कर्नाटकातले मजूर, आंबा-काजूच्या बागांत राखणदार म्हणून नेपाळी, मच्छीमार बोटींवर परप्रांतीय खलाशी असे चित्र सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सर्वत्र दिसते. ते राहतात पत्र्याच्या शेडमध्ये, मांगरात किंवा एका खोलीत सहा-आठ जण, आणि पगार घरी पाठवतात. दुसरीकडे, शेजारच्या पेडणे तालुक्यात मोपा येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि गोव्याला लागून असलेल्या या किनाऱ्यावर बाहेरच्या खरेदीदारांची नजर वळली. समुद्राकाठचा बिगरशेती भूखंड ज्या भावाने विकला जातो तो भाव गावात मजुरी किंवा छोटी नोकरी करणाऱ्याच्या आवाक्यातला नाही. अशा तरुणाला आज स्वतःचे घर बांधायचे असेल तर वडिलोपार्जित जमिनीतला वाटा हाच त्याचा मुख्य आधार आहे.