'मांगा'चे शिक्षण : कल्पनेपासून प्रकाशनापर्यंत

होकुसाईच्या चित्रसंग्रहाचा पहिला खंड १८१४ मध्ये निघाला. त्याच्या नावात 'मांगा' हा शब्द आहे. तथापि शब्दाचे सातत्य म्हणजे वस्तूचे सातत्य नव्हे. होकुसाईचा संग्रह सुट्या रेखाटनांचा. आधुनिक मांगा चित्रमालिकेतून कथा सांगतो. ही विद्या नवशिके शिकले कोठे? एक महत्त्वाचे उत्तर 'मांगा शोनेन' (१९४७–५५) या मासिकात सापडते. वाचकांनी धाडलेली चित्रे तेथे निवडून छापीत. तेझुका ओसामू यांनी १९५२ पासून तेथेच मांगाचा वर्ग चालविला. या पानांतून पुढे आलेल्या इशिनोमोरी शोतारो यांनी १९६५ मध्ये नवोदितांसाठी स्वतःच मार्गदर्शक ग्रंथ लिहिला.

या व्यवसायातील 'नेमु' ही संज्ञा उद्बोधक आहे. इंग्रजी 'नेम'वरून आलेला हा शब्द प्रकाशनव्यवहारात चित्रातील मजकुरास लावीत. पुढे तो चौकटी, आकृती व संवाद यांच्या कच्च्या आराखड्यास रूढ झाला. संपादक प्रथम हाच तपासतो. त्याच्या संमतीनंतर पेन्सिल, शाई आणि छपाई. म्हणजे संवाद ही चित्राला मागाहून जोडलेली पुरवणी नव्हे. दोहोंची कल्पना एकत्रच होते. यास्तव मांगाचा विचार केवळ चित्रकलेच्या इतिहासावर सोपवून भागणार नाही. भाषाभ्यासकानेही त्याची दखल घेतली पाहिजे.