लेबलवर नसलेलं विष

झुडपांशी माणसाचं भांडण फार जुनं आहे. बांधावर बोरी-बाभळी माजतात, रुळांकडेला घाणेरी पसरते, विजेच्या तारांखाली रान वर चढतं. माझे अब्बा रेल्वेत गँगमन होते. पावसाळा सरला की त्यांची टोळी कोयते-विळे घेऊन रुळांच्या कडा साफ करायची. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मजूर स्वस्त होता, म्हणून हे चालून गेलं. जिथे मजूर महाग होता, तिथे माणसाने दुसरी वाट शोधली. आज त्या वाटेविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेत १९४८ साली 'टू-फोर-फाइव्ह-टी' नावाचं तणनाशक विक्रीसाठी नोंदवलं गेलं. हे औषध झाडाला जाळत नाही. झाडाच्या अंगात वाढीचा जो रस असतो, त्याचं ते सोंग घेतं. झाड फसतं, वेडंवाकडं वाढू लागतं आणि त्या वाढीनेच मरतं. गवताला मात्र त्याचा फारसा त्रास होत नाही. कुरणवाल्यांना आणखी काय हवं होतं? झुडूप गेलं, गवत राहिलं. रेल्वे, वीज कंपन्या, जंगल खातं, भातशेतीवाले, सगळ्यांनी ते उचललं.

आता ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, की हे विष जमिनीत किती दिवस राहतं? त्याचं उत्तर तयार होतं. मातीतले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात, काही आठवड्यांत ते निम्मं होतं, पुढच्या हंगामापर्यंत जवळपास नाहीसं होतं. हे उत्तर खोटं नव्हतं, आणि इथेच खरी गंमत आहे. गंमत म्हणजे दैना. उत्तर बरोबर होतं, पण ते डब्यावर ज्याचं नाव छापलं होतं तेवढ्यापुरतंच. डब्यात आणखी एक पदार्थ होता. तो कोणी घातला नव्हता, तो आपोआप तयार व्हायचा.

हे तणनाशक बनवताना आधी ट्रायक्लोरोफिनॉल नावाचं रसायन तयार करावं लागतं. त्यासाठी उष्णता लागते. भट्टी हवी त्यापेक्षा जास्त तापली, की त्या रसायनाचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि डायॉक्सिन जन्माला येतं. घाईत केलेल्या मालात ते अधिक असायचं. प्रमाण किती, तर दहा लाख भागांत काही मोजके भाग. पण हे डायॉक्सिन सूक्ष्मजीवांना सहजी पचत नाही. उन्हात, पानावर ते लवकर मोडतं. मातीच्या खालच्या थरात मात्र अनेक दशकं टिकतं. पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. गाळातून माशात, माशातून माणसात जातं. माणसाच्या शरीरात शिरलं, की ते निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात.

हे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. जर्मनीत हॅम्बर्गच्या कारखान्यातल्या कामगारांच्या चेहऱ्यावर काळपट पुटकुळ्या उठत होत्या. त्यामागे हेच डायॉक्सिन आहे, हे १९५७ मध्येच उघड झालं होतं. तरी १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं ओतली. त्यांतलं निम्म्याहून जास्त 'एजंट ऑरेंज' होतं, म्हणजे टू-फोर-फाइव्ह-टी आणि टू-फोर-डी यांचं निम्मंनिम्मं मिश्रण. पिंपावर नारिंगी पट्टा होता, म्हणून हे नाव. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस. विषाला फळाचं आणि रंगाचं नाव मिळालं, की ते किती निरुपद्रवी वाटतं, हे मला इथे जाणवतं.

१९६९ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांची बातमी बाहेर आली. टू-फोर-फाइव्ह-टी दिलेल्या माद्यांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मत होती. उत्पादकांचं म्हणणं, दोष औषधाचा नाही, तपासलेला नमुनाच अशुद्ध होता. म्हणजे डायॉक्सिन आहे, हे त्यांनीच सांगितलं! एप्रिल १९७० मध्ये सरकारने व्हिएतनाममधला एजंट ऑरेंजचा वापर थांबवला आणि घराभोवतीचा वापरही. जंगलं, कुरणं, रेल्वेच्या कडा आणि भातशेती यांना मात्र मोकळीक राहिली. जणू जंगलाशेजारी घरं नसतात.

घरं होती. ओरेगॉन राज्यातल्या आल्सी या डोंगराळ भागात लाकडासाठी लावलेल्या फरच्या रोपांना झुडपांनी गाठू नये, म्हणून हेलिकॉप्टरमधून फवारणी व्हायची. बॉनी हिल या शिक्षिकेचा गर्भपात झाला होता. तिने आसपासच्या बायकांकडे चौकशी केली, तारखा मांडल्या. बरेच गर्भपात वसंतात, फवारणीच्या दिवसांत झालेले दिसले. १९७८ मध्ये आठ जणींनी मिळून सरकारला पत्र लिहिलं. सरकारने पाहणी केली आणि १९७९ मध्ये जंगल, कुरणं व रस्त्यांच्या कडांवरचा वापर तातडीने स्थगित केला. त्या पाहणीच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांनी पुढे कडक टीका केली, आणि ती टीका बिनबुडाची नव्हती. थोड्या लोकांच्या आकडेवारीतून कारण सिद्ध करणं अवघडच असतं. पण मला वाटतं, तीस वर्षं जो प्रश्न कोणी नीट विचारला नाही, तो त्या आठ जणींनी विचारला. अमेरिकेत सगळे वापर बंद व्हायला १९८५ उजाडलं.

आपल्याकडे टू-फोर-फाइव्ह-टीला नोंदणीच नाकारली गेली. शेतकरी उसात, गव्हात वापरतात ते टू-फोर-डी. ते त्याचं भावंड खरं, पण त्याच्या कृतीत हे विशिष्ट डायॉक्सिन तयार होत नाही. दोन्हींची गल्लत नको. द्राक्षबागेवर त्याचा वारा गेला तर काय होतं, हे बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

व्हिएतनाममध्ये हिशेब अजून चालू आहे. अमेरिकी सैनिकांना १९८४ मध्ये कंपन्यांकडून तडजोडीचे अठरा कोटी डॉलर ठरले. व्हिएतनामी पीडितांचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. जंगलावर पडलेलं बरंचसं मोडलं, वाहून गेलं. पण जिथे पिंपं साठवली, सांडली, विमानं धुतली, त्या तळांची माती विषारी राहिली. दा नांगच्या विमानतळावरची माती भट्टीत भाजून साफ करायला २०१२ ते २०१८ लागली. त्याहून मोठं काम बिएन होआला २०१९ मध्ये सुरू झालं.

अ सो या डोंगरी खोऱ्यातल्या जुन्या तळाजवळ गुरं चरायची, मुलं खेळायची. पैसा येईपर्यंत काय करायचं? फुंग तुउ बोई या वनशास्त्रज्ञाने त्या जमिनीभोवती काटेरी झाडांचं कुंपण लावायला घेतलं, गुरं आणि माणसं आत जाऊ नयेत म्हणून. त्या झाडाच्या शेंगांनी तिथल्या बायका केस धुतात, आपल्या शिकेकाईसारख्या. शेंगा विकून चार पैसेही मिळतील, असा त्याचा हिशेब होता.