कँटोनीज बोलीतील खात्रीदर्शक प्रयोग

कँटोनीज भाषेच्या अनौपचारिक संभाषणात ठामपणा व्यक्त करणारे शब्द, वाक्प्रचार व अव्यये. ही भाषा मुख्यतः दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत, हाँगकाँग व मकाव येथे बोलली जाते. ‘कंग है’ म्हणजे ‘अर्थातच’. क्रियापदापूर्वी येणारा ‘सत्’ (मूळ अर्थ ‘भरीव’) ‘नक्की’ या अर्थी वापरतात. काही वाक्प्रचार खेळातून व रोजच्या जगण्यातून आले आहेत. ‘छो तिंग नप लुक’ यामागे फाशावर सहाचे दान पक्के असल्याची कल्पना असून हमखास यश त्यातून सुचवले जाते. ‘मोउ चौ कै’ याचा शब्दार्थ ‘कोंबडी निसटणार नाही’. संधी हातची जात नाही, असा त्याचा रोख असतो.

वाक्याच्या शेवटी येणाऱ्या अव्ययांनी खात्रीची छटा बदलते. उच्च सुरातील ‘लो’ जोडल्यास विधान उघडच आहे असे सूचित होते, तर ‘क्वा’मुळे तेच विधान अंदाजापुरते उरते. कँटोनीजमध्ये 6 सूर मानले जातात. त्यामुळे अव्ययाचा सूर बदलला की वक्त्याचा भावही बदलतो. प्रमाण चिनी लेखनात ही अव्यये सहसा येत नाहीत. म्हणून हाँगकाँगच्या चित्रपटांतील संवाद व बोलीतील अनौपचारिक लेखन ही त्यांच्या अभ्यासाची मोलाची साधने ठरतात.