खोक्यावरचे नाव आणि हाकेचे नाव

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा माझ्या परिचयाच्या एका वृद्ध संग्राहकांचा संगणक बुडाला. त्यांच्याकडे जुन्या मासिकांची बाडे होती. त्यांतली कोणती भिजली, कोणती वाचली हे ठरवायला यादी हवी होती आणि तिची प्रत साताऱ्यात माझ्याकडे होती. बाडे उचलणाऱ्या मुलांना ती मोबाइलवर पाहता यावी म्हणून एका मित्राच्या यंत्रावर वेबसर्व्हर बसवायला घेतला. सांगलीच्या यंत्रावर तो मीच बसवला होता आणि त्याचे टिपणही ठेवले होते. पण टिपणातली पहिलीच आज्ञा दिली आणि उत्तर आले : 'अपाचे२' नावाचे पॅकेज नाही.

सांगलीचे यंत्र डेबियनचे, हे सेंटओएसचे. इथे पॅकेजचे नाव 'एचटीटीपीडी' आहे हे शोधण्यात दुपार गेली. ते बसवून पुन्हा सवयीने 'अपाचे२ सुरू कर' म्हटले, तर तशी सेवाही नाही. ती एकदाची सुरू केली, तर रात्री वीज गेली आणि सकाळी सर्व्हर बंद. डेबियनमध्ये पॅकेज बसवले की सेवा आपोआप सुरू होते आणि पुढेही प्रत्येक वेळी यंत्राबरोबर उठते. रेड हॅटच्या घराण्यात ते वेगळे सांगावे लागते. दीड दिवस गेला. ओल्या कागदाला दीड दिवस फार असतो. काकांचा फोन दिवसातून दोनदा यायचा आणि मला वाटत राहिले, की आपल्यालाच काही येत नाही. पुढे या दोन नावांचा माग काढला. हाती आले ते इथे मांडतो.

दोन नावे कशाला?

प्रोग्राम ज्या खोक्यातून येतो ते पॅकेज. खोक्यातला जो प्रोग्राम पडद्यामागे अहोरात्र राबतो ती सेवा. खोक्याला नाव देतात ते वितरण बांधणारे. सेवेचे नाव बहुधा तिच्या कामावरून पडते. 'एचटीटीपीडी'तला शेवटचा 'डी' म्हणजे 'डीमन', न दिसता काम करणारा. हा शब्द एमआयटीतल्या मंडळींनी १९६३च्या सुमारास रूढ केला, तो मॅक्सवेलच्या भौतिकशास्त्रातल्या काल्पनिक राक्षसावरून. म्हणजे 'एचटीटीपीडी' हे कोणाचे विशेषनाम नव्हे, तो हुद्दा आहे : एचटीटीपीची कामे पाहणारा.

सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेल्या पहिल्या वेबसर्व्हरला हेच नाव होते. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए संस्थेत रॉबर्ट मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हरही 'एचटीटीपीडी'च. १९९४ मध्ये मॅकूल संस्थेतून बाहेर पडले आणि काम थंडावले. तो सर्व्हर वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले. त्यांतल्या आठ जणांनी १९९५च्या फेब्रुवारीत गट बांधला, तो अपाचे गट. एप्रिलमध्ये त्यांची पहिली सार्वजनिक आवृत्ती आली. अंगावर दुरुस्त्यांची ठिगळे, म्हणून इंग्रजीत 'अ पॅची' असा श्लेषही या नावावर झाला. जुन्या हुद्द्यावर नवा माणूस आला होता.

म्हणून रेड हॅटच्या ७.३ आवृत्तीपर्यंत पॅकेज 'अपाचे' आणि सेवा 'एचटीटीपीडी' असा प्रकार दिसतो. खोक्यावर माणसाचे नाव, हाक हुद्द्याने. दरम्यान १९९९ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि 'अपाचे' हे अनेक प्रकल्पांचे घराणे बनले. सर्व्हरची दुसरी पिढी आली तेव्हा मूळ सोर्सच्या गठ्ठ्याचेच नाव 'एचटीटीपीडी' झाले होते. २००२च्या रेड हॅट ८.० पासून पॅकेजही 'एचटीटीपीडी' झाले. डेबियनने मात्र 'अपाचे' ठेवले आणि दुसरी पिढी पहिलीच्या शेजारी नांदावी म्हणून तिला 'अपाचे२' म्हटले. डेबियनमध्ये 'एचटीटीपीडी' मागितले तर यंत्र सांगते, हे आभासी पॅकेज आहे. अपाचे२, एनजिनएक्स वगैरेंपैकी एक निवडा. तिथे हुद्दा अजून हुद्दाच आहे.

सातारची रीत, सांगलीची रीत

आपल्याकडे हे नवे नाही. राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले गेले, 'पेशवा' हा 'पंतप्रधान' झाला. पुढे शाहू महाराजांच्या काळात पेशव्यांच्या शिक्क्यावर 'प्रधान' असे, लोकांच्या तोंडी मात्र पेशवेच. 'प्रतिनिधी' हे राजाराम महाराजांनी जिंजीला निर्माण केलेले पद. ते परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात, म्हणजे मूळच्या किन्हईच्या कुलकर्ण्यांकडे, वंशपरंपरेने राहिले आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे 'पंतप्रतिनिधी' याच नावाने ओळखले जाऊ लागले. हुद्दा एका घराला कायमचा चिकटला. रेड हॅटने केले ते हेच. उलट सांगलीचे, मिरजेचे, जमखंडीचे संस्थानिक शेवटपर्यंत पटवर्धनच राहिले. हुद्दे आले-गेले, आडनाव तेच. ही डेबियनची रीत.

दोन्ही रीतींत चूक कोणतीच नाही. अडचण होते ती टिपण लिहिणारा आपलीच रीत जगाची समजतो तेव्हा. माझे टिपण तसे होते. असा गोंधळ याच एका सर्व्हरपुरता नाही. दूरस्थ प्रवेशाचे पॅकेज दोन्हीकडे 'ओपनएसएसएच-सर्व्हर', पण सेवा रेड हॅटमध्ये 'एसएसएचडी' आणि डेबियनमध्ये 'एसएसएच'. रेड हॅटमधले 'बाइंड' हाकेला ओ देते ते 'नेमडी' म्हणून.

यावर उपाय साधा आहे. पॅकेज बसवल्यावर त्याने कोणत्या फायली उतरवल्या याची यादी मागवावी. रेड हॅटच्या घराण्यात आरपीएमकडून, डेबियनमध्ये डीपीकेजीकडून. त्या यादीत नावाच्या शेवटी 'सर्व्हिस' असलेली फाइल शोधावी. तेच हाकेचे नाव.

त्या पुरात काकांची खालच्या खणांतली बाडे गेली, वरची वाचली. यादी वेळेत मिळती तर आणखी काही वाचती का, हे त्यांनी मला कधी विचारले नाही. आता माझ्या प्रत्येक टिपणात चार रकाने असतात : वितरण, पॅकेजचे नाव, सेवेचे नाव आणि वीज गेल्यावर सेवा आपोआप उठते की नाही. चौथा रकाना सांगलीच्या पुराने शिकवला.