घरांच्या हिशेबाची झाडती

अलिबागेहून रेवदंड्याकडे निघालेल्या प्रवाशाला आक्षी मागे पडताच नारळी-पोफळींच्या ज्या दाट वाड्या लागतात, त्यांच्या सावलीत वसलेले नागाव हे आज समुद्रस्नानासाठी येणाऱ्या मुंबईकरांचे गाव म्हणूनच ओळखले जात असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची ओळख एका निराळ्याच कारणाने झालेली असते; आणि ते कारण म्हणजे शके 1289, अर्थात इसवी सन 1367 चा, शकाबरोबर हिजरी 769 हा सनही नोंदविणारा आणि ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाचे नाव सांगणारा तेथील मराठी शिलालेख. शेजारच्या आक्षीत तर त्याहूनही जुना, शके 934 असा काळ वाचला जाणारा लेख आहे, आणि त्यात केसिदेवरायाबरोबर त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई याचेही नाव कोरलेले आहे.

भाषेच्या इतिहासकारांनी या शिळांचा पुष्कळ कीस काढला आहे. मला त्या वाचताना जाणवते ते त्यांचे दप्तरी स्वरूप. कोणाच्या राज्यात, कोण अधिकारी असताना, कोणत्या तिथीस व्यवहार झाला, हे ज्या गावाच्या हद्दीत तो झाला त्याच गावात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर मांडून ठेवायचे, अशी ही पद्धत होती. कोकणातील शिलाहारकालीन दानलेखांच्या तळाशी पुष्कळदा जी गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी, कोरलेली आढळते, ती सभ्य वाचकाला अर्वाच्य वाटेल खरी. पण सार्वजनिक मालमत्तेची अफरातफर करणाऱ्याला दंडाची तरतूद त्याच दगडावर असावी, हा त्यामागील विचार पुढच्या काळातील कित्येक कलमबद्ध कायद्यांहून अधिक स्पष्ट होता, असे म्हणावेसे वाटते.

पुढे दगडाची जागा कागदाने घेतली. वसूल करावा पाटलाने आणि लिहावे कुलकर्ण्याने, परगण्यात देशमुखाच्या कारभारावर देशपांड्याची लेखणी असावी, ही मराठी मुलखातील रचना एकाच हाती पैका आणि त्याचा कागद असू नये याच हेतूची होती. तिच्यात लबाडी होत नसे असे नाही. हुजुरातून हिशेबांची झाडती घेण्याचा प्रसंग वारंवार येई, यावरूनच ती किती होत असे याची कल्पना येते. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यावर या किनारपट्टीचे, म्हणजे अष्टागराचे, दप्तर मुंबई इलाख्याच्या ताब्यात गेले, आणि हिशेब विचारणारी सत्ता खाडीपलीकडे जाऊन बसली.

कुलाबा आणि रत्नागिरीची माणसेही त्या सत्तेच्या मागोमाग मुंबईला गेली. गिरण्या आणि गोद्यांच्या ओढीने गेलेल्या या चाकरमान्यांना मुंबईने काम दिले, निवारा मात्र दिला नाही. आणि 1896 च्या प्लेगने दाट वस्त्यांत हाहाकार उडविल्यानंतरच सरकारला जाग येऊन 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, कोंदट मोहोल्ले पाडले, काही चाळीही बांधल्या. परंतु पाडलेल्या घरांतील गरिबांची सोय कितपत झाली, या प्रश्नावर तो कायम टीकेचा धनी राहिला, आणि अखेर 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला.

तथापि घरबांधणीच्या सरकारी हिशेबाची खरी कसोटी लागली ती गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत. 1920 मध्ये निघालेल्या विकास खात्याने 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी आणि सुमारे 16,000 खोल्या झाल्या. 160 चौरस फुटांची एकेक खोली, भिंती काँक्रीटच्या, उजेड बेताचा, आणि कामगार तेथे जावयास इतके नाखूष की कित्येक खोल्या दीर्घकाळ रिकाम्या पडून राहिल्या. याच खात्याने हाती घेतलेल्या बॅक बे भरावाचा खर्च अंदाजाच्या मर्यादा ओलांडून गेला, तेव्हा खुर्शेद नरिमन यांनी कायदेमंडळात आणि बाहेर असा काही आवाज उठविला की 1926 मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमणे सरकारला भाग पडले. खात्यातील हार्वे नामक इंजिनियराने नरिमनांवर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. नरिमन निर्दोष सुटले. हिशेब मागणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, ही त्या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट होय. कारण उघड आहे: खात्याची उत्तरदायित्वाची वाट वर, सरकारकडे जात होती, कर भरणारा व्यापारी आणि भाडे भरणारा गिरणी कामगार त्या वाटेवर कोठेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. जुन्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी 1969 मध्ये निराळा कायदा होऊन दुरुस्ती उपकर बसला. आणि 1976 च्या अधिनियमान्वये ही सारी मंडळे एका छत्राखाली आणून डिसेंबर 1977 मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाची, म्हणजे म्हाडाची, स्थापना झाली, ज्याच्या कोकण मंडळाच्या अधिकारक्षेत्रात आज नागावही मोडते. प्राधिकरणाचा निधी, वार्षिक अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, त्याच्या अहवालाची विधिमंडळापुढील मांडणी, यांची तरतूद त्या अधिनियमात आहे. तरतूद गैर नाही, पण तिचा मुक्काम पुन्हा मंत्रालय आणि विधिमंडळ हाच. उपकर भरणारा भाडेकरू आणि संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे खितपत पडलेले कुटुंब यांना त्या कागदाचे दर्शन घडलेच पाहिजे, असे बंधन कोणावर नव्हते. माहिती अधिकाराचा राज्यातील कायदा 2002 चा आणि देशाचा 2005 चा. त्यांनी कागद मागण्याची सोय केली, परंतु मागणाऱ्याने अर्ज करावा आणि वाट पाहावी, ही अट राहिलीच. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने मात्र खरी दिशा बदलली: विकास प्राधिकरणांनाही प्रवर्तकाच्या व्याख्येत ओढून, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे आणि कामाची प्रगती लोकांसमोर प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याने घातले. हा लाभ अर्थात घर विकत घेणाऱ्याला. जो केवळ राहतो, त्याला नाही.

आता नागावाकडे वळून पाहावे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार येथील पंचायतीला दरवर्षी जमाखर्चाचे विवरण आणि मागील लेखापरीक्षणाचे टिपण ग्रामसभेपुढे ठेवावे लागते, आणि ज्याची पडवी गळते तो गावकरीसुद्धा उठून घरकुलांच्या यादीविषयी सरपंचांना जाब विचारू शकतो. सभेला गणसंख्या होत नाही, कित्येक ठराव घाईने आटोपतात, हे ग्रामसभेला गेलेला कोणीही सांगेल. परंतु अधिकार कायद्याने दिलेला आहे. काही हजार वस्तीच्या गावाला जे बंधन, ते कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्या गृहनिर्माण संस्थेला का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. म्हाडाच्या आर्थिक जबाबदारीसाठी उद्या नवे विधेयक आणावयाचे झाले, तर अधिक तपासनीस नेमण्यापेक्षा प्रत्येक वसाहतीत रहिवाशांची सभा भरवून त्या वसाहतीपुरता जमाखर्च तेथे वाचून दाखविण्याचे एक कलम त्यात आधी घालावे.

त्याची निकड आजच आहे. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, येथील त्याच विकास खात्याच्या चाळी पाडून, 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर देण्याचे काम म्हाडाकडे आहे, आणि त्याचा खर्च निघायचा तो विक्रीसाठी बांधलेल्या सदनिकांच्या उत्पन्नातून. ती विक्री किती झाली, कोणत्या दराने झाली आणि त्यातले किती रहिवाशांच्या इमारतींत गेले, हे प्रश्न विचारण्यासाठी त्यांना कोणा नरिमनाची वाट पाहावी लागू नये.