वतन, थळ आणि आडनाव : बारामती-इंदापूरच्या दप्तरांतील पूर्वज

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पवार, जाधव, शिंदे, गायकवाड, काळे, भोसले ही आडनावे कोणा एका जातीची किंवा गावाची मिरास नाहीत. रामोशी समाजाच्या दोन मुख्य शाखाच चव्हाण आणि जाधव. पारध्यांत पवार आणि काळे सर्रास आढळतात. मराठा, महार, कैकाडी कुटुंबांतही यांतली बरीच आडनावे चालतात. त्यामुळे 'आमचे मूळ धारचे पवार' असे कोणी ठामपणे सांगितले, तरी आडनाव एवढ्याच आधारावर चार पिढ्या मागे जाता येत नाही. वेल्समध्ये हीच अडचण जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांच्या बाबतीत येते. बापाच्या नावावरून पडलेली ही मोजकी आडनावे हजारो घरांनी धरली. म्हणून तिथला शोधक कोळशाच्या आणि पाटीच्या दगडाच्या खाणींच्या वह्यांकडे वळतो, कारण जोन्स पुष्कळ असले तरी अमुक खाणीतला अमुक कामाचा जोन्स शोधणे जमते. नीरा-भीमेच्या काठी खाणी नव्हत्या. इथे ते काम वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या वंशपरंपरेच्या हक्काच्या, कागदांनी केले.

जुन्या मोडी कागदांत आडनाव क्वचितच पुढे येते. माणसाची ओळख बापाच्या नावाने आणि हक्काने पटवली जाते : अमका 'बिन' तमका, मोकदम, मौजे अमुक. बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचे नाव, मुसलमानाच्या नावापुढे 'वलद' आणि बापाचे. सालही सरळ आकड्यांत नसते. 'इसन्ने समानीन मया व अलफ' असे लिहिलेले असेल तर दोन, ऐंशी, शंभर आणि हजार अशी बेरीज करून सुहूर सन 1182 मिळतो. हे साल मृगापासून सुरू होत असल्याने त्याचा मेळ इसवी 1781-82 शी बसतो. गावाचे ठिकाण शोधतानाही जुनी वाटणी ठाऊक असावी लागते. पेशवाईच्या कागदांत परगणे इंदापूर आणि परगणे सुपे भेटतात. इंग्रजी अमलात आजच्या बारामती आणि दौंडचा मुलूख भीमथडी तालुक्यात होता. 'बारामती तालुका' हे नाव धरून जुने दप्तर चाळणाऱ्याला म्हणूनच फारसे काही सापडत नाही.

एकाच माणसाला किती नावे चिकटत, याचे उदाहरण बारामतीतच आहे. पेशव्यांचे सोयरे असलेल्या बाबूजी नाइकांचे आडनाव जोशी, 'नाईक' ही सावकारीतून आलेली उपाधी आणि 'बारामतीकर' ही गावाची खूण. कवी मोरोपंत (1729-1794) बाबूजींच्याच आश्रयाला पुराणिक म्हणून होते. पन्हाळ्यास जन्मलेल्या या पराडकरांच्या आडनावात बारामती कुठेच नाही. ती सापडते त्यांच्या चाकरीत.

व्यवसायाची सर्वांत बोलकी नोंद महजरांत मिळते. पाटीलकी कोणाची, सुतारकीची तक्षीम म्हणजे वाटा कोणाच्या घरात, अशा तंट्यांचा निवाडा गोतसभेपुढे होई आणि निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर साक्षीला पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही असत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग, मुलाणी हे त्यांतले ठळक. बारा बलुतेदारांची यादी गावागणिक थोडी बदलते. लिहिता न येणारा सहीऐवजी आपल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. लेखणीची खूण कुलकर्ण्याची. नावाशेजारचे ते वेडेवाकडे चित्र वंशावळ शोधणाऱ्याला आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण वतन वंशपरंपरेने चाले. बाप न्हावी असेल तर मुलगाही त्याच गावच्या न्हावकीचा वाटेकरी. शिवाय तंटा म्हटला की वादी आपली हकीकत मूळ पुरुषापासून सांगतो आणि चार-पाच पिढ्या आपोआप कागदावर येतात. भांडकुदळ पूर्वज वंशजांना फार उपकारक ठरतात.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हेच काम थळाने केले. गावची जमीन मूळ घराण्यांच्या नावाच्या थळांत विभागलेली असे. घराणे बुडाले, परागंदा झाले, तरी थळाचे नाव टिके आणि अशा जमिनीला गतकुळी म्हणत. जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, पहिल्याची नोंद मिळते, दुसऱ्याची बहुधा फक्त सालापुरती. आज गावात मोठी भावकी असलेले घर थळझाड्यात मुळीच नसेल, तर ते मागाहून आलेले असण्याचा संभव बराच.

इंदापूरला या शोधात वेगळे महत्त्व आहे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातली जमीन मोजणीची पद्धत इथेच घडली. कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांची पहिली मोजणी आणि आकारणी फसली. माप चुकीचे, सारा डोईजड, आणि शेते पडीक पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी 1835 पासून काम नव्याने केले. 1836 मध्ये तीस वर्षांसाठी नवे दर लागू झाले आणि हीच पद्धत पुढे 1847 च्या संयुक्त अहवालाने इलाखाभर कायम झाली. प्रत्येक शेताला क्रमांक आणि क्रमांकापुढे खातेदार, ही आज स्वाभाविक वाटणारी रचना त्यातून रुजली. पूर्वजाचे नाव पुसट झाले तरी सर्व्हे नंबर धरून मागे जाता येते, आणि गावोगावच्या सामान्य आडनावांत हा क्रमांकच खरा धागा ठरतो.

सगळेच कागद मात्र टिकले नाहीत. 12 मे 1875 रोजी सुपे गावच्या बाजारात सावकारांविरुद्धचा दंगा पेटला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता आणि सापडतील ते रोखे जाळले गेले. ऋणको, त्याचा बाप, जामीन, साक्षीदार ही सगळी माहिती त्या कागदांत होती. सुपे आणि आसपासच्या गावांच्या इतिहासात हा कायमचा खड्डा आहे. मात्र त्याच दंग्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याचे दस्त नोंदणीदारासमोर लिहिणे भाग पडले. नोंदणीच्या कायद्यानेही दस्तातील माणसाचे राहण्याचे ठिकाण, धंदा, जात आणि बापाचे नाव मागितले. 'लिहून देणार अमुक, वय वर्षे अमुक, धंदा शेती, राहणार अमुक' हा मथळा त्या सवयीतला. सारख्या नावाचे दोन शिंदे एकाच गावात असले, तर एकाच्या पुढे 'धंदा शेती' आणि दुसऱ्याच्या पुढे 'धंदा सुतारकाम' असते.

नीरा डावा कालवा आला आणि लोकवस्ती हलली. 1876-77 च्या दुष्काळाच्या सुमारास सुरू झालेल्या या कालव्याने उसाला पाणी दिले. पुरंदर तालुक्यातल्या सासवडकडचे माळी कालव्याच्या पाण्यामागे खाली सरकले आणि पुढे माळीनगरपर्यंत गेले. कळंबला वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. अशा घरांचा माग थळझाड्यात शोधणे व्यर्थ. माळ्यांच्या बाबतीत तो पुरंदरच्या गावांत शोधावा लागतो.

वतनांचा शेवट कायद्यांनी झाला. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगार वतने 1958 च्या कायद्याने, पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. तरी जुन्या फेरफारांत आणि सातबाऱ्यांवर इनामाचा वर्ग राहिला. '6 ब' दिसले तर घरात महारकीसारखे चाकरीचे वतन होते, असे समजावे. 2023 मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदी धुंडाळल्या गेल्या. तेव्हा कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यूची पाने, पाहणीपत्रके आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे एकदम मोलाची झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. कुणबीच्या 'कु.' एवढ्या एका अक्षरावर दाखले अवलंबून राहिले. कुणबी हा धंदाही आणि जातही. लिहिणाऱ्याच्या मनात त्यांतले काय होते, हे त्या अक्षरावरून दर वेळी ठरवता येत नाही.

या दप्तरांचा हेतू सारा वसुलीचा होता, वंशावळीचा नव्हे. म्हणून ज्याच्याकडे हक्क तो नोंदला गेला, आणि उपरी, शेतमजूर, भटके व बहुतेक स्त्रिया निसटल्या. त्यांच्यासाठी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या हाच बऱ्याचदा उरलेला आधार असतो, तोही यात्रेला जाण्याइतकी ऐपत असलेल्यांचाच. बाकीच्यांनी तहसील कार्यालयातले जुने फेरफार आणि सर्व्हे नंबर यांपासून आरंभ करावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी रुमाल त्यानंतर उघडावेत. गाव आणि वतन निश्चित झाल्याशिवाय तिथे गेले, तर पवार हवे तेवढे सापडतात, त्यांतला आपला कोणता हे कळत नाही.