जेऊरची दोन मिनिटे

आमच्या कोपरखैरण्याच्या बचत गटात करमाळ्याकडची एक ताई आहे. मागे एका ग्रहणाला तिच्या गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवलं होतं. ना विळीला हात लावायचा, ना घोटभर पाणी. मी म्हटलं, "अहो ताई, तुमच्या जेऊरला तर ग्रहण बघायला अमेरिकेहून माणसं आली होती!" तिला खरं वाटेना.

तारीख होती २२ जानेवारी १८९८. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती, तरी जेऊरच्या माळावर तंबू पडले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले, सोबत त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. बाई ग्रहणाला घरात बसल्या नाहीत, हे मी त्या ताईला दोनदा सांगितलं. पुण्याहून आले प्राध्यापक कावसजी नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली होती.

खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं. तेवढ्यात त्यांना सूर्याच्या कडेच्या उजेडाचा वर्णपट टिपायचा होता. जुनी सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, रंगांचे पट्टे दिसतील, तसंच हे. कुठली रेघ कुठल्या रंगात, त्यावरून तिथला वायू ओळखतात. वायू आपल्याकडे धावत असेल तर रेघ निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर तांबड्याकडे.

पुढे रॉकेटमधून अतिनील प्रकाशाचा वर्णपट घेतला, तेव्हा काही रेघा एकाच वेळी दोन्हीकडे फाकलेल्या दिसल्या. म्हणजे तिथं स्फोट होऊन वायू दोन बाजूंना उडत होता, सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगानं! शास्त्रज्ञ यांना 'छोटे' स्फोट म्हणतात. छोटे म्हणजे दीड हजार किलोमीटरचे, आणि मिनिटभरात विझणारे. आपल्या भाकरीवरचे फोड आठवतात मला.

पुण्याची ती वेधशाळा १९१२ला बंद झाली, मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण २०२३ला 'आदित्य एल-१' यान निघालं, त्यात सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकानं बनवलेली आहे. वर्णपटाचं यंत्र बंगळुरूचं.

आता २ ऑगस्ट २०२७ला आपल्याकडे खंडग्रास आहे. पावसाळा असेल, ढग हटले तर दिसेल. उघड्या डोळ्यांनी मात्र बघू नका, काळी काच किंवा एक्सरेची फिल्मही नको. ग्रहणाचे खास चष्मे मिळतात. गटासाठी दहा मागवायचे ठरलेत, त्यातला एक ताईच्या सुनेचा.